डाव्या कोपऱ्याचा गुडघा

घाटकोपरच्या आमच्या क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरीने आमच्या डाव्या कोपऱ्याला फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. माझा धंदा बांबूचा. गिऱ्हाईक वखारीत आलं की मी आधी भाव सांगतो आणि मग माल दाखवतो. ज्याला पटत नाही त्याने तिथूनच परत जावं.

डावा कोपरा हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हुतूतूच्या मैदानात तो डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला तसंच म्हणायची. त्याची बायकोसुद्धा शेजारणीशी भांडताना "आमचो कोपरो येवंदे घरी" असं म्हणायची. खरं नाव त्याला आवडत नसे. मीही ते इथे लिहीत नाही.

तुम्ही त्या वर्षांत घाटकोपरला राहत असाल तर त्याला पाहिला असणारच. जुन्या बागा आणि शेतं मोडून इमारती उभ्या राहत होत्या. इमारतीच्या अंगाला बांबूची परांची, परांचीवर गवंडी, आणि गवंड्यांच्याही वर, पुढचा मजला बांधायला गेलेला हा. पायाच्या बोटांत बांबू धरलेला, दातांत काथ्याच्या दोराचं टोक. खालून मुकादम ओरडायचा, "अरे, आटप!" वरून दोर दातांतून काढून हा शांतपणे विचारायचा, "कोणाक घाई आसा?" आणि दोर पुन्हा दातांत.

हे वाक्य माझ्यावर त्याने किती वेळा चालवलं असेल! भावताव करण्यात माझ्यासमोर कोणी टिकत नाही, हे मला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचे वखारवाले सांगतील. डोक्यावर बांबू वाहून मी या धंद्यात आलो. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कोणाला सुखासुखी देत नाही. पण हा गडी दोराच्या बाबतीत माझ्याशी भावच करायचा नाही. नव्या कामाला मी जुना, एकदा वापरलेला दोर काढून दिला की तो हाताने कुरवाळून बघायचा आणि खाली ठेवायचा.

"जुनो दोर माका नको."

"अरे, चांगला आहे. अजून दोन इमारती काढेल."

"शेटनू, मी वर आसतलंय. तुमी खाली."

एवढं बोलून तो वखारीच्या दारात उकिडवा बसायचा. रुसवा नाही, आवाज नाही, विडीसुद्धा नाही. मी ओरडायचो, आपटायचो, दुसऱ्या माणसाला बोलावण्याची धमकी द्यायचो. तो रस्त्यावरून जाणारी माणसं बघत बसायचा. तिकडे कंत्राटदाराचा निरोपावर निरोप येत असायचा. शेवटी मी नवा दोर त्याच्या अंगावर फेकायचो. तो उचलून खांद्यावर टाकायचा आणि जाता जाता म्हणायचा, "आता बरा झाला. तुमीच कित्याक तरास करून घेतास?"

मैदानातही तसाच. समोरचा गडी दम धरून चढाईला यायचा, आमची बाकीची पोरं उड्या मारत, टाळ्या देत फिरायची आणि हा कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभा. नवख्या माणसाला वाटायचं, याला झोप आली आहे. चढाई करणाऱ्यालाही तेच वाटायचं. मग एका क्षणी हा खाली बसलेला दिसायचा आणि त्याच्या दोन्ही हातांत समोरच्याचा घोटा असायचा. धाव नाही, झेप नाही. पडलेल्या गड्याला हा हात देऊन उठवायचा आणि पायाची माती झाडून द्यायचा. गोरेगावच्या एका पैलवानाला त्याने एकाच सामन्यात इतक्या वेळा बसवलं की तो शेवटी चिडून म्हणाला, "तू हात तरी हलव रे, म्हणजे मला कळेल!"

त्याचा गुडघा मोडला तोही अशीच पकड करताना. घोटा त्याच्या हातात होता. चढाई करणारा पूर्ण ताकदीने ओढत होता आणि आमचाच एक गडी मदतीला म्हणून धावत येऊन याच्या टेकलेल्या पायावर बाहेरच्या बाजूने कोसळला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज मी कडेला उभा राहून ऐकला. घोटा त्याने सोडला नाही. पंचाने शिटी मारल्यावर सोडला, आणि मग स्वतःच्या गुडघ्याकडे नवल वाटल्यासारखा बघत राहिला.

"कायतरी तुटला," तो म्हणाला. ओरडला मात्र नाही.

संध्याकाळपर्यंत गुडघा शहाळ्याएवढा झाला. आमच्याकडे अशा वेळी मरोळच्या हाडवैद्याकडे जायची पद्धत होती, म्हणून तिकडे नेलं. वैद्याने लेप लावला, माझ्याच वखारीतल्या बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, आणि सूज उतरल्यावर सोडला. तो वैद्य प्रामाणिक माणूस. बोटांनी चाचपून म्हणाला, "हाड शाबूत आहे. माझं काम हाडापर्यंत. आतलं काही असेल तर मोठ्या इस्पितळात दाखवा."

आतलं होतंच. सपाट रस्त्यावर तो ठीक चालायचा. पण वळायला गेला, की पायरी उतरायला गेला, की गुडघा निसटायचा. एकदा माझ्यासमोर, वखारीच्या उंबऱ्यावरून खाली पाय टाकला आणि गडी सरळ बसकण मारून खाली. उठला, हसला, म्हणाला, "पाय माझो, पण माझा आयकणा नाय." मी त्याला त्या दिवसापासून परांचीवर चढू दिलं नाही. त्याच्या बायकोने मला निक्षून सांगितलं होतं, "ह्येंका बांधून घाला शेटनू, नायतर हे गुपचूप वर चढतले."

आता सेक्रेटरीसाहेबांकडे येतो.

त्यांच्याविषयी न्यायानेच बोललं पाहिजे. सरकारी कचेरीत चांगल्या हुद्द्यावर, इंग्रजी फर्डं, स्वच्छ पांढरा शर्ट, डोळ्यांवर चष्मा. मंडळ त्यांनी उभं केलं. मैदानासाठी अर्ज त्यांनी केले, सामन्यांना पाहुणे त्यांनी आणले. आमच्या वस्तीत एक रीत होती. कोणी आजारी पडलं आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायची वेळ आली की सोबत सेक्रेटरीसाहेबांना न्यायचं. पेशंटने बाकावर बसायचं, डॉक्टरशी बोलायचं साहेबांनी. बाळंतीण असो, क्षयाचा म्हातारा असो, साहेब रजा टाकून जायचे. डॉक्टरसुद्धा असा माणूस दिसला की खूष. पेशंटला काय होतंय हे पेशंटलाच विचारायची गरज उरायची नाही. आम्ही सगळे या रीतीचं कौतुक करायचो. आपल्यात एक तरी इंग्रजी बोलणारा आहे, याचा अभिमान होता.

तर साहेब डाव्या कोपऱ्याला घेऊन इस्पितळात गेले. सर्जन पारशी, नावाजलेले. हिंदी त्यांना उत्तम यायची, हे मला पुढे कळलं. पण समोर पांढरा शर्ट आणि चष्मा उभा असताना ते बाकावरच्या माणसाशी कशाला बोलतील? त्यांनी गुडघा वाकवला, नडगी दोन्ही हातांत धरली आणि पुढे ओढली. टेबलाचा खण उघडावा तशी ती पुढे सरकली. हे साहेबांनीच आम्हाला नंतर गल्लीत, स्वतःच्या पायावर हात ठेवून दाखवलं. गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधणारा दोर असतो, त्याला लिगामेंट म्हणतात, तो तुटला आहे. आता मांडीच्या बाहेरच्या अंगाची एक चिवट पट्टी काढायची, हाडांना भोकं पाडायची, त्यांतून ती ओवायची आणि घट्ट बसवायची. गल्ली तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी बांबूवाला, मला ते पटकन समजलं. जुना दोर गेला, नवा बांधायचा. साहेबांनी ते इतकं छान समजावलं की आजही मी त्याहून चांगलं सांगू शकणार नाही. म्हणूनच मला जास्त राग येतो. माणसाला येत नव्हतं असं नाही.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. मी भेटायला गेलो तेव्हा हा जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, छताकडे बघत पडलेला. शेजारच्या खाटेवरचा गुजराती म्हातारा मला म्हणाला, "तुमचा माणूस लई शांत. मी ओरडते तर मला सांगते, कोणाला घाई हाय?"

त्या वॉर्डात गोराईची एक सिस्टर होती. काळीसावळी, ठेंगणी, आवाज मात्र असा की समुद्रावरून होडी परत बोलवावी. पेशंटला हसवत हसवत ती झाडायची. मी तिला विचारलं, "सिस्टर, हे प्लास्टर किती दिवस?"

तिने सांगितलं. मला ते फार वाटलं.

"जरा कमी करा की. आमचं काम अडलंय."

"ही भाजी नाय, शेट," ती म्हणाली. "इथे भाव होत नाय. डॉक्टरसाहेब बोलतील तेवढंच."

"आणि परांचीवर कधी चढेल? मैदानात कधी उतरेल?"

"ते सगळं डॉक्टरसाहेबांनी तुमच्या त्या चष्मेवाल्यांना नीट सांगितलंय. त्यांना विचारा."

सेक्रेटरीसाहेब वॉर्डात आले तेव्हा मी त्यांना विचारलं. साहेब हसून म्हणाले, "शेट, काळजी नको. सगळं उत्तम झालंय. सर्जन म्हणाले, दिवाळी झाली की मैदानात." मग डाव्या कोपऱ्याच्या खांद्यावर थाप मारून, "काय रे, आपल्या मंडळाच्या सामन्यांना उभा राहणार ना?"

"तुमी म्हणतास तर ऱ्हवतलंय, सायबानू," हा म्हणाला.

पावसाळ्याच्या सुरुवातीला प्लास्टर कापलं. आतून जो पाय निघाला तो बघून त्याची बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मांडी अशी उतरली होती की मी सवयीने बोलून गेलो, "एवढी बारीक काठी मी वखारीत कोवळी म्हणून बाजूला काढतो." सिस्टरने माझ्याकडे डोळे वटारले, पण तो खाटेवर पडल्या पडल्या इतका हसला की खाट हलली. गुडघा वाकत नव्हता. सिस्टरने त्याला धडे दिले. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, सोडायची. सरळ पाय उचलायचा, धरायचा, हळू खाली ठेवायचा. मग पावलाला वाळूची पिशवी बांधून तेच. खाटेच्या कडेला बसून पाय लोंबता सोडायचा आणि त्याच्याच वजनाने वाकू द्यायचा. जोर करायचा नाही.

हे सगळं त्याने माझ्या वखारीत केलं. घरात जागा कुठे होती? बाहेर पाऊस कोसळायचा, बांबूंची कामं बंद असायची, आणि हा रचलेल्या बांबूंच्या थप्पीवर बसून पावलाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ दाबलेले. मी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असलो तरी माझं अर्धं लक्ष त्या पायाकडे. गिऱ्हाइकंही भाव विसरून बघत उभी राहायची. भाटवाडीचा एक दूधवाला रोज थांबून विचारायचा, "आज किती वाकला?" हा बोटाने जमिनीपासूनची उंची दाखवायचा.

"जरा दाबून वाकव की रे," मी एकदा म्हणालो.

"सिस्टरीन सांगितल्यान, जोर करूचो नाय. आतलो दोर अजून ओलो आसा." मग थांबून, "शेटनू, ह्यो दोर नवो आसा. तुमचो जुनो न्हय."

श्रावणात एके दुपारी तो वखारीच्या दारात, बांबू धरून धरून, उकिडवा बसला. पूर्ण नाही, टाच थोडी उचललेली, पण बसला. एवढ्या महिन्यांनी. मी आतून बघितलं. त्याने बाहेर रस्त्याकडे बघत नाकातून मोठा श्वास सोडला. त्याची बायको भाकर घेऊन आली, ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बसलास? आता उठा बघू." तो उठलाही. मग ती भाकर त्याच्या हातात देऊन भराभर निघून गेली. तिला तिथे रडायचं नव्हतं.

म्हणजे बघा, पाय परत येत होता. सावकाश, पण येत होता. मी मनात धरलं होतं की शिमग्यापर्यंत थांबू, मग पहिल्या मजल्यापर्यंत चढवू.

दिवाळी झाली आणि मंडळाचे सामने आले. अंतिम सामन्यात आमच्यासमोर मुलुंडचा संघ. पटांगणाच्या चारी बाजूंना माणसं, इमारतींच्या परांचीवरही माणसं. त्याची बायको माझ्याजवळ येऊन म्हणाली, "शेटनू, ह्येंका आज खेळ ऱ्हवंदेत म्हणून सांगा." मी त्याच्याकडे गेलो.

"अरे, पुढच्या वर्षी खेळ. एक वर्ष गेलं तर काय बिघडतं?"

तो म्हणाला, "मोठ्या डाक्टरान सांगितल्यान ना, दिवाळी झाली काय खेळ म्हणान? मग भियाचा कशाक?"

डॉक्टरच्या वर मी कोण? सेक्रेटरीसाहेब तिथेच होते. ते खाली बसले, आपल्या हाताने त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली, नीट, घट्ट, आणि वर बघून म्हणाले, "जा, राजा."

सामना आम्ही जिंकला. शेवटची पकड त्याचीच होती. तसाच जमिनीकडे बघत उभा, तसाच अचानक खाली, आणि मुलुंडच्या गड्याचा घोटा हातात. मुलुंडचा गडी वळला, त्याच्यासोबत हाही वळला, आणि मला दुरूनही कळलं, गुडघा पुन्हा गेला. पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावली तेव्हा तो हात हलवत होता, "नको, नको." त्यांना वाटलं तो लाजतोय. त्यांनी त्याला तसाच उचलला आणि गुलाल टाकला. मिरवणूक पुढे गेली. त्यांच्या खांद्यांवर तो डोळे मिटून बसला होता.

या वेळी इस्पितळात मी गेलो. साहेबांना कचेरीत महत्त्वाचं काम होतं. सर्जनने नडगी ओढली, ती पूर्वीपेक्षाही जास्त पुढे आली. त्यांनी चष्मा काढला, माझ्या धोतराकडे पाहिलं, आणि इंग्रजीत सिस्टरला काहीतरी म्हणून पुढच्या पेशंटकडे वळले. ते गेल्यावर ती सिस्टर त्याच्यावर जी कडाडली!

"कोणी सांगितलं तुला मैदानात जायला? तुझ्यासमोर डॉक्टरसाहेब बोलले होते ना, पुढचा उन्हाळा जाईपर्यंत मैदानात पाऊल टाकायचं नाय म्हणून? त्यानंतरही ते बघतील आणि मग सांगतील, कदाचित कधीच खेळू नको म्हणतील, हेही बोलले होते. मी बाजूलाच उभी होते. तो चष्मेवाला मान हलवत होता. त्याने तुला सांगितलं नाय?"

डावा कोपरा तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा गुडघ्याकडे.

"दिवाळी झाली काय खेळ, असा सांगितला माका," तो हळूच म्हणाला.

सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. ती त्याच्या खाटेच्या कडेवर बसली. ड्यूटीवर असताना नर्सने पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं. "बाबा," ती म्हणाली, "मला वाटलं तो तुझा भाऊ आहे."

पुन्हा ऑपरेशन होणार नव्हतं. ओवलेली पट्टी तुटली होती आणि दोन हाडांमधली गादीही फाटली होती. त्याला कातड्याचा पट्टा मिळाला, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि मध्ये बिजागरी. तो बांधला की चालता येई. चढता येत नसे. उकिडवं बसता येत नसे.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. तो बाकावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "इसारले आसतले."

"विसरले? एवढं मोठं वाक्य विसरले? आणि 'दिवाळीनंतर' हे कुठून आठवलं?"

"शेटनू, वराडू नकात. आजारी माणसा आसत हय."

घाटकोपरला परत आल्यावर मी सरळ साहेबांच्या खोलीवर गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही, उभ्यानेच सिस्टरचं बोलणं त्यांना ऐकवलं. त्यांनी नाकारलं नाही, हे मात्र खरं. चष्मा पुसत ते म्हणाले, "शेट, तुम्ही व्यवहारी माणूस आहात, समजून घ्या. खेळाडूला वर्षभर खेळू नको म्हटलं की त्याचा धीर खचतो. तो व्यायामच सोडून देतो. मी त्याला उमेद दिली. त्या उमेदीवर त्याने पावसाळाभर पाय उचलला की नाही?"

मला कबूल करावं लागेल की हे उत्तर चांगलं होतं. धंद्यात असं उत्तर मिळालं असतं तर मी क्षणभर थांबलो असतो. क्षणभर थांबलोही.

मग मी विचारलं, "पावसाळ्याचं समजलं. सामन्याच्या दिवशी उमेदीची काय गरज होती? त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

साहेबांनी चष्मा लावला. म्हणाले, "मंडळाच्या बैठकीला उशीर होतोय."

डाव्या कोपऱ्याची बायको मात्र माझ्यापेक्षा खंबीर. पुढे तिच्या पोरीला कांजिण्या आल्या आणि साहेबांनी निरोप धाडला, मी येतो सोबत. तिने निरोप आणणाऱ्याला उभ्या उभ्या सांगितलं, "तेंका सांग, तुमचा इंग्लिश तुमच्याकडेच ठेवा." ती एकटी गेली. डॉक्टरसमोर मालवणीत बोलत राहिली, त्याला समजेपर्यंत बोलत राहिली. परत आली तेव्हा गल्लीतल्या चार बायका तिच्याभोवती जमल्या. त्यानंतर बऱ्याच जणी आपापल्या जाऊ लागल्या.

त्याला मी वखारीत ठेवून घेतलं. उपकार म्हणून नव्हे, बांबू निवडण्यात त्याचा हात चांगला होता. नवी पोरं परांची बांधायला निघाली की तो लोखंडी पाय पुढे पसरून स्टुलावर बसलेला असायचा आणि त्यांच्या खांद्यावरचा दोर ओढून बघायचा. जुना असला की माझ्याकडे नुसता बघायचा. मी नवा द्यायचो. आता त्याला तासभर बसून राहावं लागत नसे. कधी कधी मला वाटायचं, बसावं याने, भांडावं. पण त्याला ती गंमत उरली नव्हती. कोणाला घाई आहे, हेही त्याने कधी विचारलं नाही. ते वाक्य त्याच्या बोलण्यातून कधी गेलं, मला कळलंच नाही.

"एकदा तरी विचार त्यांना," मी त्याला म्हणायचो. "माझ्यासमोर विचार. मी आहे."

"त्येंका इचारून गुडघो परत गावतलो काय?"

"गुडघा नाही येणार. उत्तर येईल."

"उत्तर घेवन मी काय करू? तुमका व्हया तर तुमी इचारा."

काही वर्षांनी मंडळाचा मोठा वर्धापनदिन झाला. साहेब तोवर अध्यक्ष झाले होते. जुन्या खेळाडूंना शाल आणि नारळ द्यायचा बेत. याचं नाव पुकारलं. व्यासपीठाला उंच पायऱ्या केल्या होत्या. तो एका पायरीवर चांगला पाय ठेवायचा, मग लोखंडी पाय ओढून तिथेच आणायचा, मग पुढची पायरी. बिजागरीचा आवाज ध्वनिक्षेपकात येत होता. साहेब बोलत होते, "दुखापतीची जराही पर्वा न करता हा वीर मंडळासाठी मैदानात उतरला..." माणसं टाळ्या वाजवत होती.

मी उठून उभा राहिलो. मी काय ओरडणार होतो ते मला ठाऊक होतं. पण वरून, शाल खांद्यावर घेतलेल्या त्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि हाताचा पंजा खाली दाबला. बसा. मुलुंडच्या, गोरेगावच्या भल्या भल्या गड्यांना ज्या हाताने त्याने खाली बसवलं, त्याच हाताने मलाही बसवलं. मी बसलो.

त्यानंतर तो फार दिवस इथे राहिला नाही. भावाने गावाकडे घर नीट केलं, तिकडे हा बायकोपोरांना घेऊन गेला. आमच्या वखारीच्या दारात आता दुसरी माणसं असतात. ती भाव करतात, ओरडतात, आणि पटकन ऐकतात.

त्या दिवशी त्याने बसवलं म्हणून मी बसलो. आता तो इथे नाही. मला बसवणारं कोणी उरलेलं नाही.

म्हणून अध्यक्षसाहेब, मी तुम्हाला जाहीर विचारतो. तुम्ही अजून याच गल्लीत राहता आणि तुमची स्मरणशक्ती मला माहीत आहे. सर्जनने त्या दिवशी उच्चारलेलं वाक्य तुम्हाला शब्दन् शब्द पाठ असणार. मंडळाच्या पटांगणात या, सगळ्या गल्लीसमोर उभे राहा, आणि ते वाक्य एकदा मराठीत म्हणा. मग सांगा, त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधताना ते तुम्ही कोणासाठी राखून ठेवलं होतंत?